प्रस्तावित कुर्ता

मी कपड्यांचे पॅटर्न बनवते. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे, की आता मी ते झोपेतही बडबडते असं रजतचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, म्हणणं आहे. ऐकणारा अर्धा मिनिट विचार करतो आणि म्हणतो, "म्हणजे टेलर."

मी टेलर नाही. टेलर मंडळींबद्दल मला नितांत आदर आहे; पण आर्किटेक्टला कोणी गवंडी म्हणत नाही, मग मलाच काय म्हणून? टेलर कापड शिवतो. ते कापड कुठून कापायचं, मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, किती खोल घ्यायचा, बाही कुठे वळवायची, हे मोठ्या कागदावर आखून ठेवणारी बाई ती मी. त्या कागदावरून कापलं की नवशिकी बाईसुद्धा अंगाला बसणारा कपडा शिवू शकते. शेजारच्या शोभाताईंना मी हे तीन वर्षं समजावते आहे. त्या नीट ऐकतात, मान डोलावतात आणि पदराआडून पिशवी काढतात. "समजलं ना मले. तू आखते. मंग हा परकर दोन बोटं आखूड आखून दे वं."

असो. तर सात महिने खपून मी एक कुर्ता आखला. साधासुधा नव्हे, अंगरखा पद्धतीचा, एका बाजूला गाठ बांधायचा, कमरेपासून कळ्यांचा, म्हणजे खाली रुंद होत जाणाऱ्या पट्ट्यांचा. मी माझ्या प्रत्येक पॅटर्नला आपल्याकडच्या एखाद्या जागेचं नाव देते. भरपूर खिसेवाला शर्ट "इतवारी", आमच्या दाटीवाटीच्या बाजाराचं नाव, कारण त्यात कुठे काय ठेवलं ते सापडत नाही. हा नवा कुर्ता "रामटेक", टेकडीवरच्या देवळाच्या गावाचं नाव, कारण त्याचा पुढचा पदर टेकडी चढल्यासारखा तिरपा वर जातो. एकाच कागदावर छत्तीसपासून सेहेचाळीसपर्यंत सहा मापं होती आणि ती एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक मापाला वेगळी रेघ: छत्तीसला काळी, अडतीसला हिरवी, चाळीसला पिवळी, बेचाळीसला निळी, चव्वेचाळीसला लाल आणि सेहेचाळीसला लाल तुटक. ही तुटक रेघ लक्षात घ्या. तिनेच घात केला.

हा कुर्ता शिकवायला मला सावनेरला बोलावणं होतं. तिथल्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष गोपिकाताई. कापूस वेचण्यापासून बँकेच्या मॅनेजरला उन्हात उभं करण्यापर्यंत सगळं केलेली बाई. गटाला तीस शिलाई मशिनी मिळाल्या होत्या आणि त्या मशिनींवर आतापर्यंत फक्त पिशव्या शिवून झाल्या होत्या. "ताई, पिशवी शिवू शिवू आमचा जीव आंबला," त्या फोनवर म्हणाल्या. "अंगात घालाचं काही शिकवा. तीस बाया शनिवारी मजुरी सोडून येऊन राहिल्या." तीस बायांनी एका दिवसाची मजुरी सोडणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. त्यामुळे शनिवार चुकवायचा नाही, हे ठरलेलं होतं.

मंगळवारी मी माझा मूळ कागद रजतच्या हाती एका झेरॉक्सवाल्याकडे पाठवला. इमारतींचे मोठे नकाशे छापून देणारा हा माणूस. त्याच्याशिवाय एवढा लांब कागद कोणी छापत नाही. त्याचं मशीन नेमकं बंद पडलं होतं. दुरुस्ती शुक्रवारी. रजत गुंडाळी घेऊन परत आला तर घराला कुलूप. मी कापड बघायला इतवारीत गेले होते. तेव्हा माझ्या नवऱ्याने, ऑफिसला उशीर होतो म्हणून, सात महिन्यांचं माझं काम शेजारी मधुकररावांच्या हातात दिलं आणि स्कूटरला किक मारून निघून गेला.

मधुकरराव म्हणजे शोभाताईंचे यजमान. चौतीस वर्षं बांधकाम खात्यात आरेखक होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांना वाचायला नकाशा मिळालेला नाही. वर्तमानपत्रात फ्लॅटची जाहिरात आली तरी ते भिंग घेऊन बसतात आणि संडास चुकीच्या दिशेला असल्याचं शोधून काढतात. अशा माणसाच्या हातात भर दुपारी, दुसरं काही काम नसताना, पाच फुटी गुंडाळी आली. उपाशी वाघाच्या पिंजऱ्यात बकरी ठेवून "जरा सांभाळा" म्हणावं, तसं ते झालं.

संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेले. "काका, रजतने एक गुंडाळी ठेवली होती ना?"

मधुकरराव झोक्यावर बसले होते. त्यांनी पायाने झोका थांबवला. "मयुराताई," ते म्हणाले. एरवी मला ते नुसतं मयुरा म्हणतात. "चौदा वर्षं आपण शेजारी आहोत. तुमाले वरचा मजला बांधाचा होता, तं मले एक शब्द विचारता आला असता."

"कोणता मजला?"

"आता मले शिकवू नका. लाल रेघ म्हणजे प्रस्तावित बांधकाम. पिवळी म्हणजे पाडाचं बांधकाम. हिरवी म्हणजे रस्ता. हे मी तुमच्या जन्माच्या आधीपासून काढून राहिलो. आणि ते लाल तुटक?" त्यांचा आवाज चढला. "लाल तुटक म्हणजे गटारलाइन! ते सरळ माझ्या देवघराच्या भिंतीतून काढली तुम्ही!"

"काका, ती बाही आहे."

"बाही असो का माही असो, माझ्या भिंतीतून नाही जाणार."

मी कपाळाला हात लावला. कापडाचा उभा धागा कोणत्या दिशेने ठेवायचा हे दाखवायला पॅटर्नवर एक लांब बाण असतो. मधुकररावांनी तो उत्तर दिशेचा बाण धरला होता. "पुढचा भाग" आणि "मागचा भाग" तर काय, घराला असतातच. आणि कागदाच्या कडेने मी ठळक लिहिलं होतं, "चारही बाजूंनी दोन बोटं माया सोडावी." शिवणीसाठी जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला आमच्यात माया म्हणतात. हे वाचून तर त्यांचा तोल गेला होता. कायद्याने दहा फूट मोकळी जागा सोडायची असताना ही बाई दोन बोटं सोडते!

"बरं, ती गुंडाळी द्या," मी म्हटलं.

"ते जिथं पोचाले पाहिजे तिथं पोचली."

आतून शोभाताई बाहेर आल्या. "मी यायले म्हणलं होतं, आधी मयुराले विचारा. तं म्हणे, विचारलं की लोक सावध होतात." मग मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवशील तं माझ्या भाचीले पाह्यजो. नवराबायको दोघंच आहेत."

मधुकररावांनी दुपारीच महापालिकेच्या आमच्या झोनच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली होती आणि पुरावा म्हणून माझा मूळ कागद जोडला होता. मूळ. एकुलता एक. माझ्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो होता. पण फोटोवरून कुर्ता कापला तर तो बाहुलीला बसतो, बाईला नाही. आणि सात महिन्यांचं काम चार दिवसांत पुन्हा आखायचं म्हणजे सातवा महिना संपलेल्या बाईला पुन्हा पहिल्यापासून सुरू कर म्हणण्यासारखं होतं.

बुधवारी सकाळी मी झोनच्या ऑफिसात हजर. तिथे भैयाजी नावाचे मोठे बाबू होते. भैयाजी शांत माणूस. त्यांच्या टेबलावर फायलींचे दोन मनोरे आणि मधल्या फटीत त्यांचा चेहरा. मी माझी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली. सरकारी माणसाने पूर्ण ऐकलं की काम होणार नाही हे ओळखावं.

"म्हणजे हा नकाशा नाही," भैयाजी म्हणाले.

"नाही."

"मंग काय आहे?"

"कुर्ता."

भैयाजींनी फाइल काढली. कागद उलगडला, तो टेबलावरून खाली लोंबला. त्यांनी तो एकदा असा, एकदा तसा पाहिला. "बाही कुठं आहे?"

मी दाखवली.

"दुसरी?"

"एकच आखतात. दुसरी तीच उलटी करून."

"म्हणजे नकाशा अपूर्ण आहे," ते म्हणाले आणि फायलीत तसं लिहायला लागले. मी ओरडलेच. तेव्हा त्यांनी पेन ठेवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, मले समजून राहिलं ना. मायी बायको मशीन चालवते. हे कुर्ताच आहे, मले मान्य आहे. पण मी मान्य करून काय होते? फाइल उघडली. उघडलेली फाइल बंद कराले इंजिनियर सायबाची स्थळपाहणी लागते. आणि फाइल बंद झाल्याबिगर पुरावा परत देता येत नाही."

"मग स्थळपाहणी करा."

"करू ना. पंधरा दिवसात नंबर लागते."

मी तिथल्या बाकावर बसले. रडू येत होतं. पण ज्या ऑफिसात आपण गुन्हेगार आहोत तिथे रडलं की कबुली दिल्यासारखं होतं, म्हणून मी नाक शिंकरलं. भैयाजींना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी आतल्या खोलीत डोकं घातलं, काही बोलले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "उद्या अकरा वाजता. घरी राहा. आणि जे काही बांधलं असंन ते झाकून नका ठेवू, सायबाले राग येते."

"मी काही बांधलेलं नाही!"

"हो ना. तेच. झाकू नका."

स्थळपाहणीची बातमी आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, माझ्याआधी पोचली होती. गुरुवारी सकाळी फाटकापाशी दहा-बारा जण उभे, आणि प्रत्येकाजवळ सल्ला. एकाने सांगितलं, पाणी शिंपडून ठेवा, नवं बांधकाम ओलं दिसलं की जुनं वाटतं. दुसरा म्हणाला, उलट कोरडं ठेवा. शोभाताईंनी पोह्यांची मोठी थाळी आणली होती. "यायनं तक्रार केली ते केली," त्या म्हणाल्या, "पण साहेब आपल्या गल्लीत पहिल्यांदा येऊन राहिले. उपाशी कसे पाठवाचे?" रजतने अर्धी रजा टाकली होती. ज्याच्यामुळे हे सगळं घडलं त्याने घरच्या बाजूने उभं राहायला हवं, असं मी त्याला सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो पोह्यांच्या बाजूने उभा होता.

अकराला इंजिनियर साहेब आले. दुर्गेश त्यांचं नाव. वय तिशीच्या आत, डोळ्यांवर चष्मा, हातात लोखंडी टेप. त्यांनी खालचं घर मापलं, अंगण मापलं, तुळस मापली. मधुकरराव फाटकाबाहेरून सूचना देत होते, "साहेब, गच्चीवर पाहा. जे काही आहे ते गच्चीवर आहे."

गच्चीवर माझी कामाची खोली आहे, घराबरोबरच बांधलेली, मंजूर नकाशातली. साहेब दार ढकलून आत गेले आणि तीन पावलं मागे आले. "मॅडम, आत कोणी उभं आहे."

माझ्या खोलीत लाकडी पायावर एक पुतळा असतो. गळ्यापासून कमरेपर्यंतचा, कापड चढवून माप पाहायला. त्याच्यावर मी धूळ बसू नये म्हणून पांढरी चादर टाकली होती. साहेबांनी चादर ओढली.

"हे काय आहे?"

"पुतळा."

हा शब्द मी बोलायला नको होता. साहेबांमागोमाग जिन्यात घुसलेली मंडळी दोन पायऱ्या वर सरकली. साहेबांनी चष्मा पुसला. "कोणाचा?"

"कोणाचाच नाही. चाळीस मापाचा आहे."

"डोकं कुठे आहे?"

"नसतंच."

"म्हणजे तोडलं?"

"नाही हो! तसाच मिळतो."

जिन्यातून मधुकररावांचा आवाज आला, "पुतळा बसवाले वेगळी परवानगी लागते, साहेब! जिल्ह्याची समिती लागते!"

तेव्हा माझ्यातला सगळा संयम संपला. कपाटात "रामटेक"चा मांजरपाटातला नमुना होता, म्हणजे खरं कापड कापण्याआधी स्वस्त कापडात शिवून पाहतात तो. तो मी त्या बिनडोक्याच्या बाईला खसकन चढवला, बाजूची गाठ बांधली आणि बाणाने, बाहीने, मुंढ्याने, कळ्यांनी साहेबांना अख्खा कुर्ता समजावून सांगितला. "ती लाल तुटक रेघ म्हणजे हीच बाही. फक्त सेहेचाळीस मापाची. यातून गटार जात नाही, हात जातो."

साहेब पाच मिनिटं त्या कुर्त्याभोवती फिरले. मग त्यांनी लोखंडी टेप खिशात ठेवला आणि माझ्या गळ्यातला मऊ टेप मागून मुंढ्याची खोली मोजली. "चांगला बसला आहे," ते म्हणाले. सात महिन्यांत हे वाक्य बोलणारा पहिला माणूस सरकारी निघावा, याचं मला तेव्हा फार वाटलं.

पोहे खाऊन साहेब गेले. संध्याकाळी भैयाजींचा फोन. "मॅडम, अहवाल आला. एकदम तुमच्या बाजूचा आहे. वाचून दाखवू? 'सदर ठिकाणी कोणतेही अनधिकृत बांधकाम आढळले नाही. गच्चीवरील खोलीत एक स्त्री विनामस्तक आढळली. ती भाडेकरू नसल्याचे घरमालकिणीने सांगितले.'"

"मग फाइल बंद?"

"तेच सांगून राहिलो. शेवटी सायबानं लिहिलं, 'नकाशाचे शीर्षक रामटेक असल्याने जागा या ऑफिसच्या हद्दीत येत नाही.' म्हणजे आपल्याले बंद करता येत नाही. रामटेकले पत्र पाठवलं, की बाबा असं काही बांधकाम तुमच्याकडे आहे का. तिथून 'नाही' आलं की बंद."

"कधी येईल?"

"आलं की येईन ना, मॅडम."

मी फोन ठेवला आणि गोपिकाताईंना लावला. शिबिर रद्द म्हणून सांगायचं होतं. कुर्ता, तक्रार, गटार, पुतळा, रामटेक, सगळं एका दमात सांगून टाकलं. पलीकडून हुंदके दिल्यासारखा आवाज आला. मला वाटलं त्या रडताहेत. त्या हसत होत्या.

"झालं?" हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या. "आता मले हे सांगा ताई, कागद फायलीत आहे. फाइल पाहता येते का नाही? आमच्या गावात रेशन दुकानाची फाइल आम्ही बायायनं जाऊन पाहिली होती. अर्ज करा लागते, मंग समोर बसून पाहू देतात. उतरून बी घेऊ देतात."

"पण तीस जणी..."

"तीस अर्ज लिहीन. शनिवारी ऑफिस बंद राहते नं? मंग उद्याच येतो आम्ही. मजुरी तं मजुरी, शनिवारची नाही शुक्रवारची."

शुक्रवारी बारा वाजता झोनच्या ऑफिससमोर एक टेम्पो थांबला आणि त्यातून तीस बाया उतरल्या. प्रत्येकीजवळ एक अर्ज, एक पेन्सिल, आणि बगलेत जुन्या वर्तमानपत्रांना खळ लावून जोडलेला लांब कागद. गोपिकाताई सगळ्यांत पुढे. नऊवारी नाही की काही नाही. पंजाबी ड्रेस, त्यावर गटाचं जाकीट, हातात फूटपट्टी.

भैयाजींनी फायलींच्या फटीतून बाहेर पाहिलं आणि त्यांचा चेहरा त्या फटीत मावेना. "काय आहे जी हे?"

"अभिलेखाची पाहणी," गोपिकाताई म्हणाल्या. "हे घ्या अर्ज. मोजून घ्या."

भैयाजींनी ते खरंच मोजले. मग उठून नियमाचं पुस्तक आणलं, बोट फिरवत वाचलं, मिटलं. त्यात एका वेळी किती जणांनी फाइल पाहावी याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. "पाहा," ते म्हणाले. "पण कागद खोलीबाहेर न्याचा नाही. आणि दोन तासात आवरा."

सभागृहातली टेबलं जोडून आम्ही माझा कागद पसरला. दोन दिवसांनी तो मला पुन्हा दिसत होता. एका कोपऱ्यावर आवक क्रमांक पडला होता, त्याखाली कोणाच्या तरी चहाचा गोल. मी शिकवायला सुरुवात केली. "कागदावरची एकही खूण सोडायची नाही," मी बजावलं. "प्रत्येक खुणेला अर्थ असतो. एक ठिपका चुकला तर बाही चुकते." बायांनी माना डोलावल्या. एकेका वेळी पाच जणी ओणव्या होऊन रेघा उतरवू लागल्या. बाकीच्या जणी भिंतीशी बसून कागद चिकटवत होत्या. जन्ममृत्यू दाखल्याच्या रांगेतली माणसं खिडकीतून बघायला लागली. एका आजोबांनी विचारलं, इथं काय मिळून राहिलं? कोणीतरी सांगितलं, कुर्ता. ते तीस बायांच्या मागे उभे राहिले.

अडचण कळ्यांच्या गोलाईला आली. खळीच्या कागदावर पेन्सिल अडखळत होती, गोलाई कोपऱ्याकोपऱ्यांची येत होती. मी एकीचं नीट करते तोवर दुसरी चुकत होती. घड्याळ पुढे चाललं होतं. दीड वाजला तरी बारा जणींचंच झालं होतं. आणि नेमके त्याच वेळी मधुकरराव, आपल्या तक्रारीचं काय झालं ते पाहायला, आत आले.

त्यांनी सगळं पाहिलं. टेबलावरचा कागद, ओणवलेल्या बाया, मी. मला वाटलं आता हे इथे "पुराव्याशी छेडछाड" म्हणून नवी तक्रार करतील. ते एका बाईच्या मागे जाऊन उभे राहिले. ती लाल तुटक रेघ काढत होती, दर तुकड्याला मनगट उचलून.

"अशी नाही," मधुकरराव म्हणाले. "मनगट उचलू नका बाई. कोपर टेकवा. आणि रेघ आपल्याकडे ओढाची, ढकलाची नाही. द्या इकडे."

त्यांनी पेन्सिल घेतली. चौतीस वर्षांचा हात होता तो. कळीची गोलाई एका श्वासात खाली उतरली, कुठे सांधा नाही, कुठे टोक नाही. सगळ्या बायांनी एकदम "अय्यो" म्हटलं. मधुकररावांचे कान लाल झाले. त्यांनी कोटाची बाही मागे सारली. "पुढची कोण आहे?"

पुढचा पाऊण तास ते बसले नाहीत. अठरा गोलाया काढल्या, प्रत्येकीला स्वतःच्या हाताने एक काढायला लावली. मधेच माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "हे गटार नाही, हे मले मान्य आहे. पण मयुरा, तू हा मुंढा सुंदर काढला आहे वं. कोणाकडून शिकली?"

मी म्हटलं, "स्वतःच." गेले चार दिवस या माणसाला काय काय बोलायचं ते मी मनात पाठ करून ठेवलं होतं. त्यातलं एकही आठवेना.

अडीचला सगळ्या प्रती झाल्या. बाया निघणार तोच भैयाजी आडवे आले. "थांबा. अशा नेता येत नाही. रेकॉर्डची नक्कल बाहेर चालली, तं सत्यप्रत म्हणून शिक्का लागते." आणि त्यांनी तीसही कागदांवर जांभळा गोल शिक्का मारला, खाली सही केली. कागद मोठे, टेबल छोटं. जिथे हात पोचला तिथे शिक्का बसला. त्यांनी एकही चुकवला नाही. सरकारी कामात एवढा चोखपणा मी त्याआधी पाहिला नव्हता. शेवटी मागे उभ्या असलेल्या त्या आजोबांच्या हाताच्या तळव्यावरही मारला, ते मागतच होते म्हणून.

रामटेकहून अजून उत्तर आलेलं नाही. माझा मूळ कागद अजून फायलीत आहे आणि मी दर सोमवारी त्याला भेटून येते. झेरॉक्सवाल्याचं मशीन मात्र सुरू झालं.

तीन आठवड्यांनी गोपिकाताईंनी मला सावनेरला बोलावलं. कुर्ते शिवून झाले होते. बसमधून उतरले तर गटाच्या खोलीसमोर तीसही जणी "रामटेक" घालून रांगेत उभ्या. मी लांबूनच पाहिलं. मुंढा कुठेही ओढत नव्हता, बाही कोणाची वळली नव्हती, कळ्यांचा घेर एकसारखा पडत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझी एक रेघ तीस अंगांना बसली होती. मला भरून आलं. मग मी जवळ गेले.

प्रत्येकीच्या कुर्त्यावर एक छोटा गोल खिसा होता. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा, चारही बाजूंनी व्यवस्थित माया सोडून, आत वळवून शिवलेला. कोणाचा छातीवर, कोणाचा खांद्याजवळ, कोणाचा कमरेच्या खाली. एकीचा तर बरोबर पाठीच्या मधोमध. आणि प्रत्येक खिशावर गोलाकार साखळी टाक्याने भरलेलं, बारीक अक्षरांत: सत्यप्रत.

"ताई," गोपिकाताई म्हणाल्या, "एकही खूण सोडली नाही पाहा आम्ही."

पाठीवर खिसा असलेली बाई पुढे आली. "मॅडम, मले एकच विचाराचं होतं. मायावाला खिसा मागं काहून देल्ला? मायाच हात पोचत नाही."

तिच्या शेजारची लगेच म्हणाली, "राहू दे ना वं. मी मायी सुपारी तिच्या खिशात ठेवतो, मॅडम. सासूले सापडत नाही."

"मॅडमनं देल्ला म्हणजे काही विचार करूनच देल्ला असंन," तिसरी म्हणाली. "बाजारात लोक विचारून राहिले, हा सत्यप्रतवाला कुर्ता कुठं भेटते म्हणून. अकरा जणींनी सांगून ठेवलं."

सत्यप्रतवाला. सात महिने. टेकडीसारखा चढणारा तो तिरपा पदर. रामटेकचं नाव कोणी काढलंसुद्धा नाही.

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात गोपिकाताईंनी आपला कुर्ता पुढे केला. खिशाखाली त्यांनी भैयाजींची सहीसुद्धा भरली होती, शेवटच्या लांब वळणासकट. "हे फार जड गेलं," त्या म्हणाल्या. "दोनदा उसवलं. बरोबर आलं का, पाहा."

मी वाकून पाहिलं. टाके एकसारखे होते. शेवटचं वळण कागदावरच्यापेक्षा चांगलं आलं होतं.

"सगळं बरोबर आहे," मी म्हटलं. "फक्त शिक्का जांभळा होता. तुम्ही लाल दोरा घेतला."

"जांभळा इथं मिळतच नाही ना, ताई."

"असू दे," मी म्हटलं. "पुढच्या वेळी मी इतवारीतून घेऊन येते."